वेबसाइटवरचं सुतक

निकेतचं वागणं येसूबाईंना पहिल्यापासून पसंत नव्हतं. वस्तू करायची, दुसऱ्यानं हात लावलेला खपवून घ्यायचा नाही, आणि मग ती तशीच टाकून स्वतः निघून जायचं. लहानपणी त्यानं केलेला आकाशकंदील दिवाळी उलटून गेली तरी ओटीवर लोंबत असे, कारण उतरवायचा तो त्यानंच, आणि तो गेलेला असे मामाकडे.

निकेत म्हणजे धाकट्या दिराचा मुलगा. पुतण्याला मुलासारखं धरावं अशी रीत आहे. म्हणजे बोलायचा हक्क पुरा आणि त्यानं ऐकायची सक्ती मुळीच नाही.

पण या खेपेला त्यानं जे केलं, त्याला येसूबाईंच्या अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात तोड नव्हती. निकेतनं सुतकाला कुलूप घातलं होतं.

झालं होतं असं. दिवेआगरहून चालत अर्ध्या तासावरच्या त्या वाडीत एकाच भावकीची चार घरं. वादळानं सुपारीच्या बागा आडव्या केल्या, आणि सुपारी नव्यानं लावली तर हाती यायला सहा-सात वर्षं जातात. पोट तेवढं थांबत नाही. म्हणून चारही घरांनी मागच्या अंगाला दोन-दोन खोल्या काढल्या, पाहुणे जेवू घालायला सुरुवात केली, आणि निकेतनं चारही घरांची मिळून एक वेबसाइट केली. घर निवडा, खोली निवडा, जेवणात काय पाहिजे ते सांगा. काम चांगलं होतं. येसूबाईंचा हातात पळी घेतलेला फोटोही त्यात होता. फक्त पदर नीट घ्यायला त्यानं वेळ दिला नव्हता.

मग भाद्रपद सरता सरता चुलतसासू सोनाबाई गेल्या. वय चौऱ्याण्णव, झोपेतच गेल्या, कुणाला दोष नाही. पण भावकी एक म्हणजे सुतक एक. चारही घरांत तेरा दिवस पाहुणा जेवायचा नाही. निकेत सुटीवर आलेला होता. त्यानं लगेच वेबसाइटच्या पहिल्या पानावर काळ्या चौकटीत सूचना लावली: 'भावकीतील ज्येष्ठ सदस्या सोनाबाई यांच्या दुःखद निधनामुळे चारही घरांची राहण्या-जेवणाची सोय तेरा दिवस बंद राहील.'

मजकूर शोभेसा होता. तारीख तेवढी लिहिलेली नव्हती. त्यामुळे ज्यानं ज्या दिवशी वाचलं, त्याच्यापुरते तेरा दिवस त्या दिवसापासून सुरू होत.

अकराव्या दिवशी निकेतला कंपनीचं बोलावणं आलं आणि तो मालवाहू बोटीवर चढून तीन महिन्यांसाठी निघून गेला. तेराव्याला गोडाचं झालं, सुतक फिटलं, येसूबाईंनी गोमूत्र शिंपडून घर मोकळं केलं. वेबसाइटवर मात्र सोनाबाई रोज नव्यानं जात होत्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊस लांबला, पाहुणे कमी, म्हणून सगळे गप्प होते. दसरा गेला, दिवाळी गेली, खोल्या रिकाम्याच. तुळशीच्या लग्नानंतर उरणच्या बाजूची एक लांबची नणंद एसटीनं आली, डब्यात भात-आमटी घेऊन, डोळ्याला पदर लावून.

"कोण गेलं गं येसू?"

"कुणी न्हाय."

"मग साइटवर लिवलंय ते?"

"ती सोनाबाई."

"अजून?" नणंद म्हणाली.

येसूबाईंनी भात-आमटी ठेवून घेतली, नणंदेला चहा पाजला आणि सुनेला हाक मारली. मृणाली बारावीपर्यंत शिकलेली, वर संगणकाचा कोर्स केलेली. चारही घरांना त्या वेबसाइटवर शिरायला आपापलं लॉगिन होतं आणि या घराचं मृणालीपाशी होतं.

"ती चौकट काढून टाक."

मृणालीनं तासभर खटपट केली. "आई, निघत नाही. पान निकेतभावजींनी केलंय. ते दिसतं सगळ्यांना, पण बदलायचा हक्क फक्त त्यांना आहे."

"म्हणजे आमच्या घरातलं सुतक आम्ही फेडायचं न्हाय?"

"परमिशन नाही, आई."

या घरात परमिशन हा शब्द आजवर येसूबाई सोडून कुणी वापरलेला नव्हता.

खरी धास्ती वेगळीच होती. पुण्याचं एक निवृत्त शिक्षकांचं मंडळ दर वर्षी मार्गशीर्षात तीन दिवस यायचं. बत्तीस माणसं, चारही घरं भरायची, आणि त्यांचं पाहून पुढं होळीपर्यंत पाहुणे येत राहायचे. ते आले तर वर्ष निघायचं. न आले तर चार घरांपैकी एका घरच्या तुकारामभावजींनी खोल्या मोडून पुन्हा गोठा करायचं बोलून दाखवलंच होतं, आणि एकानं मोडलं की चार घरांचा मेळ मोडला. येसूबाईंनी मंडळाच्या जुन्या अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "येसूबाई, माझा विश्वास आहे हो. पण आता सगळं तेजस्वी मॅडम बघतात. त्या आमच्यात तरुण, बासष्टच्या. त्यांनी साइट पाहिली. म्हणाल्या, दुखवट्याच्या घरी आपण मोदक-बिदक मागायचे का?"

मग तेजस्वी मॅडमना फोन. मॅडम गोड बोलल्या. "आजी, तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण कमिटीला मी साइट दाखवते. कमिटी येत्या महिनाअखेर बसते. तिथं बंद लिहिलेलं असेल तर मला मुरुडचं ठरवावं लागेल."

म्हणजे माणूस तोंडानं सांगतोय आम्ही जिवंत आहोत, आणि कमिटी म्हणते पानावर दाखवा.

आता सल्ले सुरू झाले. शेजारचे चंदर हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भावकीतले नव्हेत, पण सल्ल्याला कुंपण नसतं. ते कठड्याशी येऊन उभे राहिले. "वहिनी, दुसरी सूचना लावा. पहिली रद्द समजावी म्हणून. डेपोत आमी तसंच करायचो."

मृणालीनं लावली. तिला लावता आली, पण वेगळ्या पानावर, सगळ्यात खाली, खेकड्यांच्या फोटोनंतर. वर 'दुःखद निधन', खाली 'आता सर्व ठीक आहे'. वाचणाऱ्याला वाटावं, सोनाबाई परत आल्या.

चुलत जाऊ शकूचा सल्ला वेगळाच होता. "निकेतकडनं पासवर्ड घ्या नि मोकळ्या व्हा. सोताचा पोरगा हाय."

निकेतचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, आणि आला की निम्मा समुद्रात पडायचा. तरी येसूबाईंनी गाठलं.

"निकेत, तो पासवर्ड दे."

"काकी, पासवर्ड कुणाला देत नसतात."

"कुणाला म्हंजे? मी कोण हाय?"

"तसं नाही काकी, नियम असतो. मी बंदराला लागलो की पाच मिनिटांत करतो."

"कधी लागतोस?"

"कोलंबोला लागणार होतो, पण आता थेट पुढं चाललोय."

ज्या पोराला न्हाऊ घातलं, त्याच्या नियमात काकी बसत नव्हती. येसूबाईंनी फोन ठेवला आणि दुपारी जेवल्या नाहीत. कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून चार वाजता जेवल्या.

शेवटी त्या मृणालीला घेऊन एसटीनं श्रीवर्धनला गेल्या. वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती, तो हर्षद नावाचा एक माणूस दुकानातून चालवायचा. सर्व्हर म्हणजे त्याची चाळच म्हणायची. जागा त्याची, आणि आत साठ भाडेकरू: कुणाची पतसंस्था, कुणाचं भजनी मंडळ, आणि चंदर कंडक्टरांची निवृत्त कर्मचारी संघटनासुद्धा.

हर्षदनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम दिला. "आजी, फाइल निकेतच्या नावावर आहे. मला हात लावायचा तर मालकाचं पत्र पाहिजे. नाहीतर मालकाच्या मृत्यूचा दाखला."

"मालक जिवंत हाय. तोच तर तरास."

"मग चारही घरांचा एकमतानं अर्ज आणा. आणि चारही घरं एकच कुटुंब आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला."

ग्रामसेवक म्हणाले, रहिवासी दाखला देतो, हयातीचा देतो, भावकीचा दाखला असा नमुनाच नाही. वारस दाखला चालेल का? त्यासाठी कुणीतरी मयत लागतं. येसूबाई म्हणाल्या, मयत आहे, तिच्यापायीच सगळं चाललंय. तीन हेलपाट्यांनंतर ग्रामसेवकांनी 'सदर चार घरे एकाच कुंपणात असून त्यांची विहीर सामाईक आहे' एवढं लिहून शिक्का मारला. अर्जावर चार सह्या गोळा करणं तर त्याहून कठीण, कारण पहिली सही कुणाची यावर तुकारामभावजी आणि शकूचा नवरा दोन दिवस बोलत नव्हते. येसूबाईंनी कागद गोल फिरवून चारही सह्या चार कोपऱ्यांत घेतल्या.

हर्षदनं कागद पाहिला आणि विचारलं, "बरं, किती उघडू?"

इथं येसूबाई चुकल्या. हे पुढं त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण चुकल्या. त्या थकल्या होत्या, परतीची एसटी साडेचारची होती, आणि कुलूप या गोष्टीचाच त्यांना वीट आला होता. त्या म्हणाल्या, "सगळं. सगळ्यांना. आमच्यात आडपडदा न्हाय."

"सात-सात-सात करू? विचार करा आजी. त्यात—"

"आकडे मला सांगू नको. उघड."

हर्षदनं उघडलं. मृणालीनं तिथंच बसून काळी चौकट काढली, आणि सोनाबाईंना अडीच महिन्यांनी गती मिळाली. येताना येसूबाईंनी पेढे घेतले.

पेढे संपायच्या आत शकूनं आपलं घर वेबसाइटवर सगळ्यात वर नेलं. आता थोरली पाती, म्हणजे भावकीतली वडील शाखा, येसूबाईंची, पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्याचा पहिला मान त्यांचा. संध्याकाळी तुकारामभावजींच्या मुलानं शकूला खाली सारून आपलं घर वर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शकू. चार पिढ्यांत हललेली नव्हती ती थोरली पाती एका दिवसात तीनदा बदलली. येसूबाईंच्या मोदकांचा फोटो शकूच्या घराखाली गेला, आणि शकूच्या शिळ्या वड्या येसूबाईंच्या नावावर आल्या. तुकारामभावजींनी तर बाकी तिन्ही घरांच्या पुढं 'खोल्यांना वारा कमी' एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं, म्हणून अधिक लागलं.

"शकू, माझे मोदक परत ठेव."

"मी न्हाय नेले. ते आपले आपण आले."

"मोदकाला पाय फुटले?"

"साइटीवर फुटत असतील. मला काय म्हाईत."

हे घरातलं झालं. पण त्या सर्व्हरच्या चाळीत साठ बिऱ्हाडं, आणि 'सगळ्यांना' म्हणजे त्या साठांनाही. चंदर कंडक्टरांनी भल्या मनानं येसूबाईंच्या जेवणाच्या यादीत एसटीचं वेळापत्रक घातलं. सोलकढी, तांदळाची भाकरी, पनवेल पाच पंचेचाळीस. आणि तिसऱ्या दिवशी कुण्या अनोळखी भाडेकरूनं येसूबाईंच्या पळी घेतलेल्या फोटोवर लाल पट्टी चिकटवली: 'घरबसल्या रमी खेळा, लाखो जिंका.'

तेजस्वी मॅडमचा फोन आला. आवाज आता तितका गोड नव्हता. "आजी, दुखवटा संपला ते पाहिलं. पण आमचे सगळे निवृत्त शिक्षक आहेत हो. तुमच्याकडे जुगार चालतो का?"

नवरा गेल्यावर त्याच्या पानाच्या डब्यातले पत्ते चुलीत घातलेली बाई ती. तिला हे विचारलं गेलं. येसूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कमिटी कधी बसतीय?"

"परवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं येसूबाई मृणालीला घेऊन हर्षदच्या दुकानाच्या पायरीवर होत्या. दुकान अजून उघडायचं होतं. हर्षद आला, पाहिलं, आणि गुन्हेगारासारखा कुलूप काढू लागला.

"त्या दिवशी तू काय सांगत होतास ते आता सांग. मी घाई करणार न्हाय."

हर्षदनं कागद घेतला. "आजी, पहिला सात म्हणजे ज्यानं केलं तो. दुसरा सात म्हणजे त्याच्या गटातले, तुमची चार घरं. तिसरा सात म्हणजे बाकी सगळं जग. सात म्हणजे बघा, लिहा, आत या, काय पाहिजे ते करा. आपण जगालाही सात दिला."

"जगाला किती द्यायचा?"

"पाच. आत यावं, बघावं, पण हात लावू नये."

"पावण्यासारखं. वोटीवर बसा, भिताडावर लिवू नका."

"बरोबर. पण आणखी एक आहे. आज सगळं नीट करून दिलं, तरी उद्या कुणी नवं पान केलं की ते पुन्हा फक्त त्याच्या एकट्याच्या नावावर होणार. त्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवायच्या. वरच्या फोल्डरला सांगायचं की तुझ्या आत जे तयार होईल, त्याला चार घरांचाच गट लागेल."

"कूळ लागतं तसं. पोर घरात जन्मलं की आडनाव घेऊनच जन्मतं, दाखला मागून न्हाय."

"तसंच. आणि दुसरं म्हणजे वजाबाकी. नवं पान तयार होताना मशीन काही हक्क आपणहून काढून घेतं. काही सांगितलं नाही तर ते मालक सोडून सगळ्यांचा लिहायचा हक्क काढतं. आपण सांगायचं, चार घरांचा काढू नको, फक्त जगाचा काढ."

येसूबाईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. वजाबाकी त्यांना येत होती.

"म्हंजे निकेतनं मुद्दाम कुलूप घातलं नव्हतं?"

"नाही आजी. त्यानं काहीच केलं नाही. न सांगता असंच होतं."

"व्हय," येसूबाई म्हणाल्या. "घरातला एकजण काही न सांगता निघून गेला की असंच होतं."

हर्षदनं सगळं बसवलं. आधीची पानं एकेक करून हातानं बदलावी लागली, कारण हे नवे नियम पुढच्यांनाच लागू होतात, मागच्यांना नाही. त्यात दुपार गेली. लाल पट्टी निघाली, वेळापत्रक निघालं, मोदक घरी आले. मग येसूबाईंनी खात्री करून घेतली. मृणालीला मार्गशीर्षाच्या जेवणाचं नवं पान करायला लावलं. वाडीत फोन करून शकूला सांगितलं, त्यात घावन घाल. शकूनं घातलं. चंदर कंडक्टरांना सांगितलं, त्यात पनवेलची गाडी घाला बघू. अर्ध्या तासानं चंदरांचा फोन आला, आवाज पडलेला. "वहिनी, दिसतंय सगळं. पण मला घेत न्हाय."

"घेणार न्हाय. तुमी वोटीवरले."

चंदर आठ दिवस कठड्याशी आले नाहीत.

भावकीचं त्यांनी घरी येऊन तोंडी मिटवलं. लिहायचा हक्क चौघांना, पण दुसऱ्याच्या पानात वाढायला जायचं नाही. वारा कमी आहे हे ज्याच्या त्याच्या खोलीत जाऊन सांगावं. तुकारामभावजी म्हणाले, हे मशीनलाच सांगता येत नाही का? येसूबाई म्हणाल्या, मशीनला सांगायला एक दिवस लागला, तुमाला सांगायला माझी हाडं झिजली.

कमिटी बसली. तेजस्वी मॅडमनी साइट दाखवली. कुणा सद्‌गृहस्थांनी विचारलं, त्या जुगाराचं काय? मॅडम म्हणाल्या, मी आजींशी स्वतः बोलले आहे, पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही. ठराव पास झाला.

मंडळ आलं. बत्तीस माणसं, त्यातली चार साखरेची, दोन बिनमिठाची आणि एक गृहस्थ फक्त ताक पिणारे. चारही घरांच्या चुली पेटल्या. शकू घावन घालत होती, मृणाली नारळ खवत होती, आणि तुकारामभावजी गोठ्याचं नाव न काढता पाहुण्यांना वारा कुठून येतो ते दाखवत होते. दुसऱ्या दिवशी, पंगत बसायच्या बेतात असताना, खांद्यावर बॅग आणि हातात परदेशी चॉकलेटांचा डबा घेऊन निकेत दारात उभा राहिला.

त्यानं पाया पडून घेतलं. डबा ठेवला. आणि मग, दम घ्यायच्या आधी, तो म्हणाला, "काकी, मला न विचारता माझ्या फाइली उघडल्यात. बोटीवर मेल आला मला. मी आल्यावर पाच मिनिटांत केलं असतं. आता राहू दे, मी सगळं नव्यानं करतो, माझ्या पद्धतीनं."

येसूबाईंच्या हातात भाताचं पातेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. इतके दिवस मनात साठवलेलं खूप होतं, पण आता त्यातलं निम्मं विसरलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला जोर नव्हता. पलीकडं बत्तीस माणसं पाटावर बसत होती.

"निकेत," त्या म्हणाल्या, "तू हुशार हायस, कुणी न्हाय म्हणत न्हाय. तू केलंस ते चांगलं केलंस. पण तू पाठ फिरवलीस की जे चालत न्हाय, ते तू आमच्यासाठी केलेलं न्हवतंस, बाबा. ते तू आमाला अडवून ठेवलं व्हतंस. नव्यानं काय करायचं ते कर, पण चौघांच्या हाताला लागंल असं कर. आता बॅग खाली ठेव, हात धू, आणि त्या टोकापासनं मीठ वाढत ये."